वाचकांचे प्रश्न : शार्कचे काळे दात

प्रश्न : फ्लोरिडातील व्हेनिसच्या किनाऱ्यावर नातीला शार्कचा काळाभोर दात सापडला. तो खरोखरच जीवाश्म असेल का? असे दात शोधावेत कसे?

उत्तर : जीवाश्मच असण्याची शक्यता दाट आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने सहसा टिकत नाही. मात्र एकेका शार्कचे आयुष्यभरात हजारो दात गळतात, आणि त्यांपैकी जे समुद्रतळाच्या गाळात गाडले जातात त्यांत खनिजे मुरून मूळचा पांढरा रंग काळा किंवा करडा होतो. हा रंग गाळाच्या गुणधर्मांमुळे येतो, त्यामुळे केवळ त्यावरून दाताचे वय ठरवू नये. व्हेनिसलगतच्या समुद्रतळावरील जीवाश्मयुक्त थरांतून लाटा असे दात सुटे करून किनाऱ्यावर आणतात.

ओहोटीच्या वेळी, विशेषतः वादळानंतर, शिंपल्यांचा चुरा साचतो त्या ओल्या पट्ट्यात चाळणीने शोधावे. काळा शिंपला हमखास फसवतो. दाताचा त्रिकोणी भाग मात्र गुळगुळीत, चकचकीत असतो आणि मुळाकडचा भाग खरबरीत. नातीचा दात भिंगाखाली अवश्य पाहा, कडेला करवतीसारखे बारीक दाते दिसले तर जात ओळखायला त्यांची मदत होते. फ्लोरिडात सरकारी जमिनीवरील पृष्ठवंशीय जीवाश्म गोळा करण्यास परवाना लागतो, पण शार्कच्या दातांना त्यातून सूट आहे.