कोळशाला गंजाची जोड

प्रश्न : आमच्याकडे बारा म्हशी आहेत. गोबरगॅसवर छोटं इंजिन चालवतो. गॅसला सडक्या अंड्यांचा वास येतो, इंजिनाचे पितळी भाग काळे पडलेत. पाइपात चुलीतला कोळसा भरला; चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. आमच्या तांबड्या मातीत लोखंड असतं म्हणतात. ती कोळशात मिसळू का?
– एक वाचक भगिनी, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : ताई, माती तुम्हाला सुचली याचंच मला फार कौतुक वाटलं. कोळसा आणि लोखंड एकत्र आणायचं, माझी कितीतरी वर्षं याच कामात गेली.

वास हायड्रोजन सल्फाइडचा. चुलीतल्या कोळशाची छिद्रं डांबरानं बुजलेली असतात. करवंटीचा कोळसा ८००-९०० अंशांवर वाफेत तापवला की ती मोकळी होतात, एका ग्रॅममध्ये हजारभर चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. यालाच अॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. पण गोबरगॅस ओला. बरीचशी जागा पाणीच अडवतं. म्हणून वायूला नुसतं धरून भागत नाही, त्याच्याशी रासायनिक क्रिया करणारं काही हवं. ते काम गंज करतो, त्याचं लोह सल्फाइड होतं.

प्रयोगशाळेत आम्ही कोळसा लोहक्षाराच्या द्रावणात भिजवून त्यावर अल्कली घालतो. गंज छिद्रांच्या आत बसतो. इथंच हात आखडता घ्यावा लागतो : लोखंड जास्त झालं की छिद्रंच बुजतात. मी सुरुवातीला भरमसाट घातलं आणि साध्या कोळशापेक्षाही वाईट माल तयार केला.

तांबडी माती मात्र नको. तिच्यातलं बरंचसं लोखंड जुनं, घट्ट स्फटिक झालेलं, त्यामुळं आळशी; आणि बारीक चिकणमातीनं पाइप तुंबतो. गोबरगॅसचा दाब किती, जेमतेम काही इंच पाण्याचा! त्यापेक्षा बेळगावच्या उद्यमबागेत लेथचा लोखंडी कीस मिळतो तो आणा. सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन तेल काढा, रोज पाणी शिंपडून चांगला गंजू द्या. मग पाइपात एक थर किसाचा, एक करवंटीच्या अॅक्टिव्हेटेड कार्बनच्या दाण्यांचा. भुकटी नको. गॅस खालून वर न्या, तळाशी पाणी काढायला तोटी ठेवा. असे दोन पाइप करा, आलटून पालटून वापरा.

आता हे नीट वाचा. वापरलेला काळा कीस उघड्या हवेत तापतो, पेटतोसुद्धा. तो ओला करून गोठ्यापासून, वैरणीच्या गंजीपासून लांब, उघड्यावर पातळ पसरा. दोनेक दिवसांत परत तांबूस होतो, पुन्हा भरता येतो. दर फेरीला आत गंधक साठत जातं. काही फेऱ्यांनी तो टाकूनच द्यावा लागतो.

आणि नाकावर विसंबू नका. हा वायू दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. लेड अॅसिटेटचा कागद ओला करून गाळणीतून बाहेर पडणाऱ्या गॅससमोर धरा. काळा पडला की पाइप बदला. हाताळल्यावर हात धुवा, त्यात शिसं असतं.