कॅनडाला निघायच्या आधी एवढं वाच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. एजंट म्हणतो दोन वर्षांचा डिप्लोमा केला की पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, पक्की, आणि त्यासाठी बाबा शेत गहाण ठेवायला निघालेत. जाऊ नको असं मी म्हणत नाहीये, पण या देशाने आजवर कोणाला कधी आत घेतलं ते आधी बघ.

1908 चा नियम घे. त्यात हिंदुस्थानचं नावसुद्धा नव्हतं, फक्त एवढंच की माणसाने मायदेशातून थेट तिकिटावर, मध्ये कुठे न थांबता यायचं. आता कलकत्त्याहून व्हँकुव्हरचं जे थेट तिकीट मिळायचं तेच विकू नका असं सरकारने जहाज कंपनीला सांगून टाकलं, वर आशियाई माणसाच्या खिशात 200 डॉलर हवेत. झालं, दार बंद! 1914 ला गुरदित सिंगांनी कोमागाता मारू जहाज भाड्याने घेऊन 376 लोक नेले, तर दोन महिने बंदरात, किनारा समोर दिसतोय पण उतरू देत नाहीत, शेवटी मोजके सोडून सगळे परत पाठवले आणि इकडे कलकत्त्याजवळच्या बजबज बंदराला पोचल्यावर पोलिसांच्या गोळीबारात त्यातले कित्येक गेले. मला अजूनही हे वाचवत नाही.

चिनी मजूर रेल्वे बांधेपर्यंत हवे होते. 1885 ला काम संपलं, त्याच वर्षी कॅनडात शिरायला चिनी माणसाला माणशी 50 डॉलर कर, 1903 ला 500, आणि 1923 ला जवळपास पूर्ण बंदी.

भारतीयांना 1951 ला वर्षाला 150 जणांचा कोटा मिळाला. 1967 ला पॉइंट सिस्टिम आली, शिक्षण, वय, भाषा बघायला लागले, कारण तेव्हा त्यांना शिकलेली माणसं हवी होती. आपली डिग्रीवाली मंडळी तिकडे गेली ती यामुळे.

आणि आत्ताचंच बघ ना, 2024 ला स्टुडंट परमिटच्या संख्येवर कॅप आली, नोव्हेंबरपासून कॉलेज डिप्लोमावाल्यांना शिकून झाल्यावरच्या वर्क परमिटसाठी विषयाची अट लागली, मार्च 2025 ला एक्स्प्रेस एंट्रीतले, म्हणजे पीआरसाठी पॉइंट बघून निवडायच्या पद्धतीतले, जॉब ऑफरचे पॉइंटच काढून टाकले. तिथे आधीच पोचलेल्या मुलांचंही गणित फिसकटलं.

म्हणून एजंटला विचार, हा कोर्स वर्क परमिटच्या यादीत आहे का, आणि सरकारी साइटवरचं ते पान उघडून दाखवायला लाव. मग पीआर नाहीच मिळाली असं धरून कर्जाचा हिशोब मांड, इथल्या पगारात हप्ता झेपतो का ते बघ. तो कागद मला पाठव, बाबांनी सही करायच्या आधी आपण तिघं फोनवर बोलू.