वय ४६, पाळी दोन महिने आली नाही. पाळी जायची वेळ की दिवस गेलेत?

ताई, दोन्ही शक्य आहे, म्हणून अंदाज न बांधता उद्या सकाळी उठल्या उठल्या पहिल्या लघवीची टेस्ट करा. मी प्रसूती विभागात नर्स आहे, हा प्रश्न बायका फार दबक्या आवाजात विचारतात. पाळी जायच्या काळात बीजांड दर महिन्याला सुटत नाही, पण मधूनच सुटतं, आणि कधी ते तारखांवरून कळत नाही. मळमळ, थकवा, छाती जड होणं दोन्हीकडे सारखंच. शेवटच्या संबंधाला २१ दिवस झाले असतील तर टेस्ट भरवशाची. मेडिकलात मागायला संकोच वाटला तर आशाताईंना 'निश्चय' किट विचारा, मोफत असतं. टेस्ट निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा आणि सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) स्त्रीरोग ओपीडीत दाखवा, कारण थायरॉईडनेही पाळी लांबते. मात्र ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर कशाचीही वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. आणि सध्या टेस्ट निगेटिव्ह आली तरी, पन्नाशीच्या आत पाळी थांबल्यावरही २ वर्षं, पन्नाशीनंतर १ वर्ष गर्भनिरोधक साधन सोडू नका.