पांढरा पतंग, डोळ्यावरची टोपी आणि तुझी घाई

हाय,

त्या छोट्या पांढऱ्या पतंगाचे फोटो मिळाले, सगळे झूम करकरून बघितले. तू विचारलंयस की हा स्यूडोपोस्टेगा या जीनसमधलाच (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) ना, आणि असेल तर नवीन जात निघू शकते का. कुळ ऑपोस्टेगिडी, याबद्दल मला फारशी शंका नाही, जीनसबद्दल मी पैज लावणार नाही, आणि नवीन जातीचं उत्तर तर फोटोवरून कोणीच देऊ शकत नाही. कोणी छातीठोकपणे दिलं तर थँक्यू म्हण आणि सोडून दे.

कुळाबद्दल एवढी खात्री का, ते आधी समजून घे कारण पुढे हेच तुला रोज लागणार आहे. पांढरा रंग बघून काहीही ठरत नाही. लहान पांढरे पतंग चार-पाच कुळांत तरी आहेत. तुझ्या तिसऱ्या फोटोत डोक्याकडे बघ, अँटेनाचा सगळ्यात खालचा भाग पसरट होऊन डोळ्यावर टोपीसारखा बसलाय, जवळजवळ सगळा डोळा झाकून. ही टोपी नेप्टिक्युलिडी कुळात असते पण ते बहुतेक काळपट नाहीतर चमकदार असतात. ल्युकोप्टेरा या जीनसमध्येही असते, तोच तो कॉफीच्या पानांत शिरणारा पांढरा पतंग, पण त्याच्या पंखाच्या टोकाला पिवळसर पट्टे आणि धातूसारखा चमकणारा ठिपका असतो. बुक्युलॅट्रिक्स या जीनसमध्येही आहे, पण तिथे डोक्यावर खवल्यांचा उभा झुबका दिसतो. पण एवढी मोठी टोपी, आणि तिच्यासोबत गुळगुळीत हस्तिदंती पांढरे भाल्यासारखे पंख असतील तर ऑपोस्टेगिडी. पुढचा पंख खवले काढून पाहिलास तर त्यात मोजक्याच, फाटे न फुटलेल्या शिरा दिसतात, बाकी पतंगांच्या पंखात शिरांचं केवढं जाळं असतं ते तुला माहीत आहे.

आता जीनस. स्यूडोपोस्टेगा हे नाव कोझलोव्ह नावाच्या संशोधकाने १९८५ ला दिलं, त्याआधी हे सगळे ऑपोस्टेगामध्येच कोंबलेले होते, म्हणजे झेलरच्या १८३९ च्या जीनसमध्ये. मग १९८९ ला स्मिथसोनियनच्या डोनाल्ड डेव्हिसने जगभरातल्या या कुळाची जीनस नव्याने लावली, १९९९ मध्ये पुप्लेसिस आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला गेडन रॉबिन्सन यांनी आपल्या बाजूच्या, म्हणजे भारत श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतच्या जाती तपासल्या, आणि २००७ ला डेव्हिस आणि स्टोनिस यांनी अमेरिका खंडांतल्या. (पुप्लेसिस आणि स्टोनिस हा एकच माणूस आहे बरं का, लिथुआनियाचा, नाव बदललं त्याने, नाहीतर तू दोन वेगळे लेखक समजून शोधत बसशील.) त्या २००७ च्या कामात मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलांतून स्यूडोपोस्टेगाच्या इतक्या जाती निघाल्या की वाचताना दमायला होतं, आणि त्यातल्या बऱ्याचशांना तोपर्यंत नावच नव्हतं. वरून बघशील तर एक पांढरा, दुसरा पांढरा, तिसरा पांढरा आणि पंखाच्या टोकाला एक तपकिरी ठिपका. वेगळेपण सगळं पोटाच्या टोकाला, नराच्या जननेंद्रियांत. तिथे कंगव्यासारखी दातेरी पट्टी असते आणि ग्नॅथोस नावाचा एक भाग असतो, त्याचा आकार जातीगणिक बदलतो. ते बघायचं तर पोट वेगळं काढून कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, साफ करायचं, रंगवायचं, स्लाइड करायची. तुझ्या फोनचा मॅक्रो कितीही भारी असला तरी तिथे पोचत नाही.

एडवर्ड मेरिकचं नाव तू ऐकलंच असशील. इंग्लंडमधल्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर, आणि फावल्या वेळात भिंगाखाली बघून त्याने हजारो सूक्ष्म पतंगांना नावं दिली, १९३८ मध्ये वारला तोपर्यंत चालूच होतं. हॅम्पसन या इंग्रज कीटकतज्ज्ञाने ब्रिटिश इंडियाच्या पतंगांचे जे चार खंड काढले त्यात ही बारकी मंडळी जवळपास नाहीतच, त्यामुळे आपल्याकडच्या मायक्रोंसाठी, म्हणजे या सूक्ष्म पतंगांसाठी, आजही मेरिकपाशी जावं लागतं. कारवारहून मॅक्सवेल नावाचा एक संग्राहक त्याला नमुने पाठवायचा, म्हणजे गोव्याची हद्द ओलांडली की लगेचची जागा, तुझ्या गावापासून गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. पण मेरिक पोट उघडून बघत नसे. रंग, शिरा, ठिपके एवढ्यावर लिहायचा. म्हणून त्याच्या पांढऱ्या पतंगांची वर्णनं वाचून तुझा पतंग जुळवायला जाशील तर तिघांशी जुळेल. नंतरच्या लोकांना त्याचेच मूळ नमुने पुन्हा काढून स्लाइडवर घ्यावे लागले. त्याला नावं ठेवायला सांगत नाहीये मी, एवढं काम एकट्याने करणं सोपं नाही, पण घाईघाईने दिलेलं नाव मागून येणाऱ्या लोकांना किती वर्षं निस्तरावं लागतं ते बघून ठेव.

तर माझा सल्ला असा की नवीन जात सध्या बाजूला ठेव आणि झाड शोध.

म्हणजे काय, तर स्यूडोपोस्टेगाच्या बहुतेक जातींची अळी कुठल्या झाडावर वाढते हेच माहीत नाही. रात्री दिव्यासमोर लावलेल्या चादरीवर प्रौढ पतंग आला, पकडला, नाव मिळालं, संपलं. अळी पानात, देठात किंवा सालीखाली बोगदा करत राहते हे कुळाबद्दल माहीत आहे, चिलीमध्ये या कुळातली एक जात नोथोफॅगस नावाच्या झाडाच्या सालीखालच्या कोवळ्या थरात लांबच लांब बोगदे करते, हवाईमध्ये याच कुळातला पॅरालोपोस्टेगा मेलिकोपीच्या पानांत राहतो, आणि मेलिकोपी म्हणजे आपल्या लिंबाच्याच कुळातलं झाड. पण सह्याद्रीत कोण कशावर आहे? वॉशिंग्टन किंवा लंडनला बसून हे कोणी सांगू शकत नाही. तू दोडामार्गात राहतोस, घराच्या मागे जंगल आहे, जून ते ऑक्टोबर रोज पानं उलटी करून बघू शकतोस. तुझ्याकडे मायक्रोस्कोप नाही याचं तुला वाईट वाटतंय आणि मला वाटतंय की तुझ्याकडे जे आहे ते बऱ्याच प्रोफेसरांकडे नाही.

एकदम जंगलात घुसू नकोस पण. दारातल्या लिंबापासून सुरुवात कर. कोवळ्या पानावर चांदीसारखी नागमोडी रेघ दिसते ना, जिला शेतकरी नागअळी म्हणतात, ती फायलोक्निस्टिस सिट्रेला. स्टेन्टन या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८५६ मध्ये तिचं वर्णन केलं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून, आणि आज ती फ्लोरिडापर्यंत पोचलीय. पतंग पंख पसरून जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा, पांढरा, पंखाच्या टोकाला काळा ठिपका, आणि डोळ्यावर एवढी मोठी टोपी नाही. पान तोडून डबीत ठेव, बुरशी येऊ न देता टिकव. रेघेच्या मधोमध जी काळपट ओळ असते ती अळीची विष्ठा, ती कशी टाकलीय हे नीट टिपून ठेव कारण बोगदा कोणाचा हे ओळखायला तिचा उपयोग होतो. शेवटी पानाची कड दुमडून त्यात कोष होतो. गरम दिवसांत दोन-तीन आठवड्यांत सगळं चक्र पूर्ण होतं. कधी पतंगाऐवजी बारीकशी परजीवी गांधीलमाशी बाहेर येईल, फेकू नकोस, तीही लेबल लावून ठेव, तिचा अभ्यास करणारे लोकही आहेत.

हात बसला की मग जंगलातल्या झाडांकडे वळ. ऑपोस्टेगिडीचा बोगदा फार बारीक आणि लांब असतो, पानातून देठात गेला की तू तिथेच तो सोडून देशील, सोडू नकोस, फांदीपर्यंत माग काढ. आणि यांच्या बऱ्याच अळ्या कोष करायला बोगदा सोडून मातीत जातात, म्हणून डबीच्या तळाला ओलसर वाळू घाल, नुसता टिश्यू ठेवलास तर अळी सैरभैर फिरून मरते. झाडाची फांदी फुलासकट दाबून ठेव. झाडाचं नाव चुकलं तर बाकी सगळं काम पाण्यात, तेव्हा कॉलेजातल्या बॉटनीच्या मॅडमशी आत्तापासून ओळख वाढव.

चादरीचं थोडं सांगते. पांढऱ्या चादरीवर पांढरा पतंग शोधताना डोळे फुटतात, तर टॉर्च समोरून मारू नकोस, बाजूने अगदी तिरपा मार, पंखाची सावली पडते आणि टोपी उठून दिसते. तुझे दोन फोटो फ्लॅशने नुसते पांढरे धोप झालेत, ते यानेच सुधारतील. शेजारी मिलिमीटर स्केलचा तुकडा ठेव. डबीत फडफडू देऊ नकोस, खवले गेले की उरतं काय. आणि कोकणातल्या पावसात कपाटातला नमुना आठवड्यात पांढरा होतो, तोही बुरशीने, म्हणून सिलिका जेलवर पैसे खर्च कर, नवीन लेन्स नंतर.

परवानगीचं आत्ताच मनावर घे. वनखात्याच्या हद्दीत एकही पतंग उचलायचा तर लेखी परवानगी हवी, घराच्या ओट्यावर आलेल्या पतंगाची गोष्ट वेगळी. परदेशातला कोणी गोड बोलून नमुने पोस्टाने पाठव म्हणाला तर नाही म्हण, २००२ च्या जैवविविधता कायद्यात ते बसत नाही, आणि उद्या खरंच नवीन जात निघाली तर तिचा नमुना सरकारमान्य संग्रहात जमा करावा लागतो. झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, संग्रह मुंबईत आहे, दोन्हीकडे एकदा जाऊन ये, आधी मेल टाकून.

मायक्रोस्कोप घेऊ का विचारलंस, इतक्यात नको. वीसपटीचं हातभिंग घे. कॉलेजच्या लॅबमधला स्टिरिओ मायक्रोस्कोप धूळ खात पडला असेल, शनिवारी तो मागून बघ, बहुतेक वेळा कोणी नाही म्हणत नाही.

तिसऱ्या फोटोतला पतंग कुठल्या झाडाजवळ बसला होता ते लिहिलंच नाहीस. आठवत असेल तर कळव, नसेल आठवत तर पुढच्या वेळी पतंगाआधी त्या झाडाचा फोटो काढ.

ताई