खेड्यात राहून, क्लास न लावता स्पॅनिश व्याकरण कोणाला विचारून शिकावं?

भाऊ, तुम्ही लिहिलं की दर्यापूरकडे खेड्यात राहता, जवळपास क्लास नाही, नियम सगळे पाठ आहेत पण एक वाक्य धड जमत नाही, आणि विचारावं तर कोणाला. मी पण वऱ्हाडातलाच, शेती सांभाळून स्पॅनिश शिकून राहिलो, म्हणून सांगतो. माणसं मिळतात, पण सगळं एकालाच विचारायचं नाही.

त्याच्या आधी एक काम करा, इंग्रजीतून शिकणं बंद करा. इंग्रजी डोक्यात ठेवून "मला आंबा आवडतो" लिहायला गेलं की "यो गुस्तो" असं काहीतरी भलतंच होते. मराठीतून या ना, मला आवडतो, मे गुस्ता एल मांगो. आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. आंबे जास्त झाले की क्रियापद बदलते, आपल्यासारखंच. पांढरा-पांढरी सारखं ब्लांको-ब्लांका आहे, तू आणि तुम्ही वेगळं आहे, कर्ता गाळला तरी चालते. आणि आपण जे "जेवून राहिलो" म्हणतो ना, ज्याच्यावर पुण्याकडचे हसतात, ते तर "एस्तोय कोमिएंदो"ला जवळजवळ जसंच्या तसं बसते. हसू द्या त्यांना.

मराठी कामी येत नाही ती जागा म्हणजे सेर आणि एस्तार ही दोन क्रियापदं. आपल्याला दोन्हीला "आहे" एकच. पुस्तकात लिहिते की कायमचं असलं तर सेर, तात्पुरतं असलं तर एस्तार, पण मग नागपूर काय उद्या उठून दुसरीकडे जाणार आहे का? तरी "नागपूर एस्ता एन ला इंदिया"च म्हणतात, कारण जागा सांगायची तर एस्तार. "मी"सोबत सेरचं सोय होते आणि एस्तारचं एस्तोय, म्हणून सोय आबुर्रिदो म्हटलं तर मी कंटाळवाणा माणूस, एस्तोय आबुर्रिदो म्हटलं तर मला आत्ता कंटाळा आला. इथं माणूस लागतो. टँडेम, हेलोटॉक असे ॲप आहेत, त्यात मेक्सिको, कोलंबियाचे लोक इंग्रजीच्या बदल्यात बोलतात. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ८:३० तेव्हा तिथं सकाळचे ९, जेवणं आटोपून निवांत बसता येते. पण त्यांना "सेर एस्तार समजावून सांगा" असं विचारू नका, समोरचा गडबडतो, आपल्याला कोणी विचारलं घर नपुंसकलिंगी काहून तर आपण काय सांगणार? आजच्या दिवसाची चार-पाच वाक्यं स्वतः लिहा, कशीही असोत, आणि म्हणा एवढी सुधारून द्या. सुधारलेलं वहीत उतरवा. असं काहून झालं हे मग तुमच्यापेक्षा थोडा पुढं गेलेल्या शिकणाऱ्याला विचारा, त्याचं डोकं तिथंच अडकलेलं असते त्याच्यामुळे त्याला नेमकं सांगता येते.

शब्दांसाठी तर स्पॅनिश येणारा माणूस लागतच नाही. वहीत एकीकडे मराठी, एकीकडे स्पॅनिश देवनागरीत लिहायचं आणि घरातल्या पोट्ट्यांच्या हातात द्यायची. माझी पुतणी विचारते, "घर?" मी नुसतं कासा म्हटलं की ती चूक धरते, वहीत "ला कासा" आहे ना. बरोबरच आहे तिचं, कारण पुल्लिंगी शब्दाला एल आणि स्त्रीलिंगीला ला लागते, ते शब्दासोबतच पाठ करावं लागते, शेवटच्या अक्षरावर भरवसा नाही, हात म्हणजे ला मानो आणि दिवस म्हणजे एल दिया.

परीक्षेचं विचारलं तर देले नावाची असते, इन्स्तितुतो सेर्वांतेसची, दिल्लीत त्यांचं केंद्र आहे, सगळ्यात खालची पातळी ए१. नोकरीसाठी कागद लागत नसेल तर आत्ताच फी भरू नका. आणि मोबाईलच्या कीबोर्डात स्पॅनिश जोडून घ्या, नाहीतर अक्षरांवरच्या खुणा राहून जातात आणि समोरचा तेवढंच सुधारत बसते.