वाचकांचे प्रश्न : एकशे बत्तीस यार्ड आणि सहा अंदाज

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आयडाहो राज्यातील बॉयसी येथे शिकतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याच्या विद्यापीठाच्या, म्हणजे बॉयसी स्टेटच्या, फुटबॉल संघाचा पेन स्टेटविरुद्ध फिएस्टा बोल हा सामना होता. संघाचा रनिंग बॅक अॅश्टन जेंटी याला एका हंगामाचा राष्ट्रीय विक्रम मोडण्यासाठी १३२ यार्ड हवे होते. आदल्या रात्री भाच्याने आणि त्याच्या पाच मित्रमैत्रिणींनी आपापले अंदाज चिठ्ठ्यांवर लिहिले : १५०, १६५, १८०, २००, २१० आणि २४०. ज्या मुलीने १५० लिहिले, तिला बाकीच्यांनी घरभेदी ठरवले. प्रत्यक्षात जेंटीचे १०४ यार्ड झाले आणि संघ ३१-१४ असा हरला. सहा जणांपैकी एकालाही याची चाहूल का लागली नाही? असे अंदाज बांधण्याची काही रीत आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील सहा आकडे मी आधी कागदावर मांडले आणि त्यांची सरासरी काढली. ती १९१ येते. त्या सामन्यापूर्वी जेंटी १३ सामने खेळला होता आणि त्यांत त्याने धावून २,४९७ यार्ड मिळवले होते, म्हणजे सामन्यामागे १९२. याचा अर्थ असा की आपल्या भाच्याच्या मंडळीने अंदाज वर्तवलाच नव्हता; आजवर जे घडले तेच उद्या घडेल, एवढेच सहा जणांनी सहा प्रकारे लिहिले होते. पेन स्टेट हे नाव त्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये कुठेच नव्हते.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीत क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, एकतर चेंडू पुढे फेकतो किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हाती देतो. चाल जेथून सुरू झाली त्या रेषेपासून तो खेळाडू पाडला जाईपर्यंत चेंडू जेवढा पुढे गेला, तेवढे यार्ड त्याच्या नावावर लागतात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत असते. वाट ती भिंत उघडते आणि नाव धावणाऱ्याचे होते.

आता भाच्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्याची मंडळी काही हवेत बोलत नव्हती. त्या १३ सामन्यांपैकी ११ सामन्यांत जेंटीने १३२ चा आकडा ओलांडला होता. उरलेल्या दोनपैकी पोर्टलंड स्टेटविरुद्ध त्याने १२७ यार्ड पूर्वार्धातच केले आणि सामना हाती आल्यामुळे त्याला पुढे खेळवलेच नाही. सप्टेंबरमध्ये ऑरेगॉनसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, त्याने १९२ यार्ड काढले होते. तेव्हा ‘ऑरेगॉनला जे जमले नाही ते पेन स्टेटला कसे जमेल’ हा युक्तिवाद तेथील घराघरांत झाला असणार, आणि तो अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही.

चूक वेगळ्या जागी आहे. सामन्याचे यार्ड हा एक आकडा दिसत असला तरी त्यात दोन प्रश्न दडलेले असतात : चेंडू किती वेळा मिळेल, आणि प्रत्येक वेळी किती अंतर कापले जाईल. पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी स्थिर असते. जेंटीला सामन्यामागे सव्वीस-सत्तावीस वेळा चेंडू मिळत होता. दुसऱ्याचे उत्तर मात्र फसवे असते, कारण हंगामाची सरासरी सात यार्डांच्या वर दिसली तरी दर धावेला सात यार्ड मिळत नसतात. बहुतेक धावा दोन, तीन, चार यार्डांच्या असतात आणि एखादी धाव एकदम साठ-सत्तर यार्डांची निघून सगळी सरासरी वर ओढते. (येथे धाव म्हणजे धावणे, क्रिकेटच्या धावेशी गल्लत करू नये.)

नेवाडा-लास व्हेगास विद्यापीठाशी बॉयसी स्टेटची त्या हंगामात दोनदा गाठ पडली. ऑक्टोबरमध्ये जेंटीचे १२८ यार्ड झाले, डिसेंबरमध्ये २०९. प्रतिस्पर्धी तोच होता. डिसेंबरच्या सामन्यात मात्र ७५ यार्डांची एक धाव होती. ती वजा केली तर १३४ उरतात. एक धाव निसटली की अंदाज करणारा ज्योतिषी ठरतो आणि तीच अडवली गेली की मूर्ख, एवढाच काय तो फरक.

पेन स्टेटने नेमके हेच साधले. जेंटीला त्या दिवशी चेंडू तब्बल ३० वेळा मिळाला, म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच. संघ सुरुवातीलाच ०-१४ असा मागे पडला होता, आणि मागे पडलेला संघ धावणे सोडून फेकण्याकडे वळतो; तरीही प्रशिक्षकांनी त्याच्यावरचा भर कमी केला नाही. पण दर धावेला जेमतेम साडेतीन यार्ड मिळाले आणि १०४ हा त्याचा संपूर्ण हंगामातील नीचांक ठरला. आदल्या रात्री कोणी सरासरी सातवरून पाचावर आणली असती आणि तिला २६ ने गुणले असते तर उत्तर १३० आले असते, म्हणजे विक्रमाच्या थेट उंबरठ्यावर. माझ्या मते प्रामाणिक अंदाज तोच होता : होईल किंवा होणार नाही, पारडे समसमान.

समोरच्या संघाचा बचाव जोखतानाही एक सापळा असतो. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच मागे पाडले, तर जितके यार्ड गमावले तितके त्याच्या संघाच्या धावण्याच्या हिशेबातून वजा होतात; व्यावसायिक एनएफएलमध्ये ते फेकण्याच्या हिशेबातून जातात. त्यामुळे क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा महाविद्यालयीन संघ कागदावर धावणाऱ्यांनाही रोखणारा दिसतो, मग तो प्रत्यक्षात तसा असो वा नसो. आकडा पाहताना ही वजाबाकी आधी परत मिळवावी लागते, आणि ती तसदी फारच थोडे घेतात.

राहिली ती १५० लिहिणारी मुलगी. सहा जणांत सर्वांत कमी चुकली ती तीच. जेथे कमी आकडा सांगणे ही फितुरी मानली जाते, तेथे सहा काय, साठ माणसांची सरासरी काढूनही शहाणपण हाती लागत नाही, कारण प्रत्येक जण आकड्याआडून आपली निष्ठा लिहीत असतो. मला त्यात काही वावगे वाटत नाही. मात्र हरल्यावर घरभेदी ठरवलेल्या मुलीची क्षमा मागावी, असे भाच्याला कळवा.

प्रश्न : जेंटीला जो विक्रम मोडता आला नाही, तो १९८८ चा आहे असे वाचले. तो ११ सामन्यांतील आहे आणि जेंटी १४ सामने खेळला. मग ही तुलना न्याय्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि ती जेंटीच्या बाजूने झुकलेली असूनही तो २७ यार्डांनी कमी पडला. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने ११ सामन्यांत २,६२८ यार्ड केले, त्यांत ३०० पार केलेले चार सामने होते. शिवाय हंगामानंतरच्या हॉलिडे बोलमध्ये त्याने २२२ यार्ड केले, पण त्या काळी अशा सामन्यांतील कामगिरी अधिकृत हिशेबात धरली जात नसे. ती २००२ पासून धरू लागले. ते यार्ड मिळवले तर सँडर्सचा आकडा २,८५० होतो आणि मग जेंटीला फिएस्टा बोलमध्ये १३२ ऐवजी ३५४ यार्ड लागले असते. तसे असते तर भाच्याच्या घरी चिठ्ठ्याच पडल्या नसत्या.

प्रश्न : एखाद्या खेळाडूची खरोखर अचाट कामगिरी चाहत्यांनी आधी ओळखली, असे कधी होते का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : क्वचितच. १५ नोव्हेंबर २०१४ रोजी विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने नेब्रास्काविरुद्ध ४०८ यार्ड करून एका सामन्यातील १९९९ पासूनचा ४०६ चा विक्रम मोडला. गॉर्डन तेव्हा नावाजलेला होता, त्यामुळे मोठ्या सामन्याची अपेक्षा होतीच. पण चारशेचा आकडा कोण लिहिणार? एकाच आठवड्यानंतर ओक्लाहोमाचा समाजे पेराइन, पहिल्या वर्षात शिकणारा मुलगा, कॅन्ससविरुद्ध पावसात ४२७ यार्ड धावला. गॉर्डनचा विक्रम सात दिवस टिकला. त्याने तो फक्त २५ धावांत केला होता आणि निकाल स्पष्ट झाल्यामुळे चौथ्या सत्रात तो मैदानाबाहेर बसून होता.