कर्नल स्वतः बिल्ड करताना स्टोरेजचे कोणते ऑप्शन ऑन ठेवायचे? सगळंच 'वाय' केलं तर चालतं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की लॅपटॉपात एनव्हीएमई एसएसडी आहे, रूट पार्टिशन एक्स्टी४ आहे, लिनक्स कर्नल स्वतः कंपाइल केला, मेन्युकॉन्फिगमध्ये (कर्नलचे ऑप्शन निवडायच्या मेनूत) साटाखालचं जवळजवळ सगळं ऑन केलं, तरी बूट करताना 'अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' म्हणून पॅनिक येतो, म्हणजे कर्नल तिथेच थांबतो, आणि आता वैतागून सगळंच वाय, म्हणजे कर्नलमध्येच बिल्ट-इन, करावं का असं वाटतंय.

सगळं वाय करू नका. एनव्हीएमईला साटाचा काही संबंध नाही, त्यामुळे तिथे कितीही ऑन केलं तरी फरक पडणार नव्हता. आणि स्टोरेजच्या बाबतीत मी एकच नियम पाळतो: मेनू वाचून ठरवायचं नाही, जी सिस्टिम आत्ता चालू आहे ती वाचून ठरवायचं. तुमचा डिस्ट्रोचा कर्नल त्याच मशीनवर बूट होतोय ना, म्हणजे डिस्कपर्यंत जायला काय काय लागतं ते त्याला माहीत आहे, त्यालाच विचारायचं.

आधी तो पॅनिकचा मेसेज नीट वाचू, कारण लोक शेवटची ओळ बघून घाबरतात आणि खरी माहिती तिच्या वरच्या दोनचार ओळींत असते. कंसातले दोन आकडे म्हणजे डिव्हाइसचे मेजर आणि मायनर नंबर. (०,०) आलं म्हणजे बूटलोडरने 'रूट=' मध्ये जे नाव दिलं त्या नावाचं डिव्हाइसच कर्नलला सापडलं नाही. तेच (८,२) आलं असतं तर एसडीए२ सापडलं पण त्यावरची फाइलसिस्टिम वाचता आली नाही असा अर्थ झाला असता, एनव्हीएमईच्या पार्टिशनला तिथे २५९ दिसतं, एसडी कार्ड किंवा ईएमएमसीला १७९. पॅनिकच्या वर कर्नल त्याला दिसलेल्या पार्टिशन्सची यादीही छापतो. ती यादी रिकामी असेल तर कंट्रोलरचा किंवा डिस्कचा ड्रायव्हर नाही. यादीत नुसती एनव्हीएमई०एन१ आहे पण पी१, पी२ काहीच नाही, तर ड्रायव्हर आहे पण पार्टिशन टेबल वाचता येत नाही, म्हणजे जीपीटी या पार्टिशन टेबलच्या प्रकाराचा सपोर्ट राहिला, तो 'ईएफआय जीयूआयडी पार्टिशन सपोर्ट' या नावाने असतो. आणि यादीत तुमचं पार्टिशन व्यवस्थित दिसतंय तरी (०,०) येतंय, तर बहुतेक वेळा घोळ ड्रायव्हरचा नसून 'रूट=यूयूआयडी=' चा (यूयूआयडी म्हणजे ओळख पटवणारा लांबलचक नंबर) असतो, त्यावर खाली येतो.

आता चालू सिस्टिम वाचायची कशी. डिस्ट्रोच्या कर्नलवर बूट करा आणि आधी 'फाइंडएमएनटी /' चालवा, रूट कुठल्या डिव्हाइसवर आहे आणि कुठली फाइलसिस्टिम आहे ते एका ओळीत कळतं. मग 'एलएसबीएलके' चालवा, मध्ये एलव्हीएम किंवा एन्क्रिप्शनचा थर आहे का ते दिसेल. मग 'एलएसपीसीआय -के', त्यात प्रत्येक कंट्रोलरखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते, तिथलं नाव म्हणजे तुम्हाला लागणारा ड्रायव्हर. साटा असेल तर तिथे एएचसीआय दिसेल, एनव्हीएमई असेल तर एनव्हीएमई.

पण मला सगळ्यात खात्रीचा वाटतो तो सिसएफएसचा रस्ता, म्हणजे कर्नल /सिस खाली हार्डवेअरची जी माहिती दाखवतो ती वाचायचा. 'रीडलिंक -एफ /सिस/ब्लॉक/एनव्हीएमई०एन१' असं चालवलं की एक लांबलचक पाथ येतो, आणि तो पाथ म्हणजेच प्रोसेसरकडून डिस्ककडे जाणारी पूर्ण साखळी: पीसीआय रूट, मग ब्रिज, मग ०००० ने सुरू होणारा पीसीआय अॅड्रेस, मग एनव्हीएमई०, मग एनव्हीएमई०एन१. आता हे बारकाईने बघा: त्या पाथमध्ये कुठे १०००० असा पाच आकडी डोमेन दिसला तर तुमची एसएसडी इंटेलच्या व्हीएमडीच्या (व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस) मागे बसलेली आहे. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपांत बायोसमध्ये हे बाय डिफॉल्ट ऑन असतं, आणि मग नुसता एनव्हीएमई ड्रायव्हर बिल्ट-इन करून काही होत नाही, कारण व्हीएमडीचा ड्रायव्हर लोड होईपर्यंत कर्नलला ती एसएसडी पीसीआयवर दिसतच नाही. आणि तो ऑप्शन स्टोरेजच्या मेनूत नाहीच, तो आहे डिव्हाइस ड्रायव्हर्स, पीसीआय सपोर्ट, पीसीआय कंट्रोलर ड्रायव्हर्स यांच्या आत. स्टोरेजचं सगळं ऑन करून दमलेल्या माणसाला तो सापडणार कसा? तुमच्या वर्णनावरून मला आधी हाच संशय आला, म्हणून हे पहिल्यांदा तपासा.

मेनूत शोधताना आत-बाहेर फिरत बसू नका, मेन्युकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबा आणि नाव टाइप करा, उदाहरणार्थ 'बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई' हे सिम्बॉल, म्हणजे तो ऑप्शन कुठे आहे, कशावर अवलंबून आहे, आत्ता त्याची किंमत काय आहे हे सगळं एका स्क्रीनवर येतं आणि समोरचा आकडा दाबला की थेट तिथे उडी मारता येते.

आता काय काय लागतं ते. एनव्हीएमईसाठी 'एनव्हीएम एक्सप्रेस ब्लॉक डिव्हाइस' एवढं एकच पुरतं, मूळ एनव्हीएमईचा कोअर तो स्वतःच ओढून घेतो. त्या मेनूत मल्टिपाथ, फॅब्रिक्स, टीसीपी, टार्गेट असं बरंच दिसतं, ते सर्व्हर आणि नेटवर्क स्टोरेजवाल्यांचं आहे, एका लॅपटॉपाला नको. तापमान बघायचं असेल तर हार्डवेअर मॉनिटरिंगचा ऑप्शन मात्र जरूर घ्या.

साटाचं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि इथे लोक हमखास अडकतात. लिनक्समध्ये साटा डिस्क लिबएटीए या कर्नलमधल्या थरातून स्कझी (डिस्क जोडायची एक जुनी पद्धत) डिस्क म्हणून समोर येते, म्हणूनच तिचं नाव एसडीए असतं. त्यामुळे एएचसीआय ऑन केलं तरी वर 'स्कझी डिस्क सपोर्ट' लागतोच. एटीए ऑन केलं की स्कझीचा पाया आपोआप येतो, पण डिस्कचा ऑप्शन आपोआप येत नाही, तो हाताने घ्यावा लागतो. नाव वाचून लोकांना वाटतं आपल्याकडे कुठे स्कझी आहे, आणि ते काढून टाकतात. यूएसबी पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्डडिस्कही याच स्कझी डिस्कमधून येतात, त्यांना वर यूएसबी मास स्टोरेज, नव्या एन्क्लोजरला यूएएस, आणि खाली एक्सएचसीआय होस्ट कंट्रोलर लागतो. यूएसबीवरूनच रूट चालवायचा असेल तर हे सगळं बिल्ट-इन तर हवंच, शिवाय कर्नल कमांड लाइनला 'रूटवेट' द्या, कारण यूएसबी डिस्क जागी व्हायला वेळ घेते आणि तोवर कर्नल रूट शोधून पॅनिक होऊन मोकळा होतो.

बाकीचं भराभर सांगतो. ईएमएमसीवाल्या छोट्या मशीनला एमएमसी, एमएमसी ब्लॉक आणि एसडीएचसीआयचा पीसीआय किंवा एसीपीआय प्रकार. क्यूईएमयू किंवा केव्हीएममधल्या व्हर्च्युअल मशीनला व्हर्टआयओ पीसीआय आणि व्हर्टआयओ ब्लॉक, आणि तिथे डिस्क एसडीए नावाने दिसत असेल तर बहुधा व्हर्टआयओ स्कझी. हायपर-व्हीला त्याचा स्वतःचा स्टोरेज ड्रायव्हर, व्हीएमवेअरला पीव्हीस्कझी. एन्क्रिप्शन असेल तर डिव्हाइस मॅपर आणि त्याखाली क्रिप्ट टार्गेट.

एक सावधगिरी: जुने लेख वाचत असाल तर त्यात 'एटीए/एटीएपीआय/एमएफएम/आरएलएल सपोर्ट' नावाचा मेनू ऑन करायला सांगितलेला असतो, एचडीए नावाच्या डिस्क असायच्या त्या काळचा. ती जुनी आयडीई सबसिस्टिम ५.१४ मध्ये, म्हणजे २०२१ साली, कर्नलमधून काढूनच टाकली. आयओ शेड्युलरचंही (डिस्कवरच्या वाचन-लेखनाचा क्रम ठरवणारा भाग) तसंच, सीएफक्यू निवडा असं लिहिलेलं दिसलं तर ते ५.० च्या आधीचं आहे समजा आणि पुढे चला. एनव्हीएमईला शेड्युलर 'नन' ठेवलेला बरा, तो कर्नल स्वतःच तसा ठेवतो.

आता वाय की एम. रूट फाइलसिस्टिम माउंट व्हायच्या आधी जे जे लागतं ते एकतर कर्नलच्या इमेजमध्येच हवं, म्हणजे वाय, नाहीतर इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) मॉड्यूल म्हणून, म्हणजे एम, हवं. तिसरा रस्ता नाही, कारण मॉड्यूलच्या फाइली ज्या डिस्कवर आहेत ती डिस्क वाचायलाच ते मॉड्यूल लागतंय. मी स्वतः रूटपर्यंतची सगळी साखळी वाय ठेवतो: कंट्रोलर, डिस्क, पार्टिशन टेबल, फाइलसिस्टिम. बाकी सगळं एम. एक्स्टी४ विसरू नका हं, लोक ड्रायव्हरच्या नादात फाइलसिस्टिम एमवर सोडून देतात.

यात एक चकवा आहे. एखाद्या ऑप्शनचा पाया एम असेल तर त्याच्यावरचा ऑप्शन वाय होतच नाही, कितीही वेळा वाय दाबा, मेनू एमच देतो. एटीए एमवर असेल तर एएचसीआय वाय होणार नाही, स्कझी एमवर असेल तर स्कझी डिस्क वाय होणार नाही. असं झालं की स्लॅशने शोधून 'डिपेंड्स ऑन' ची ओळ बघा आणि वरून खाली वाय करत या.

तुमच्या (०,०) चं दुसरं मोठं कारण इनिटरॅमएफएस हेच असतं. डिस्ट्रोचा बूटलोडर ग्रब 'रूट=यूयूआयडी=' लिहितो, आणि ही यूयूआयडी फाइलसिस्टिमची असते, ती शोधायचं काम इनिटरॅमएफएसमधले प्रोग्रॅम करतात, कर्नलला स्वतःला ती कळत नाही. कर्नलला स्वतःला कळते ती पार्टयूयूआयडी, जी पार्टिशन टेबलमध्ये असते. म्हणजे इनिटरॅमएफएस नसेल तर सगळे ड्रायव्हर बिल्ट-इन असूनही यूयूआयडीवर पॅनिक येणार. 'बीएलकेआयडी' चालवलं की दोन्ही दिसतात, त्यातली पार्टयूयूआयडी घ्या. इनिटरॅमएफएस वापरायचाच असेल तर 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' झाल्यावर नव्या व्हर्जनसाठी तो बनलाय का, आणि ग्रबच्या एन्ट्रीत 'इनिटआरडी' ची ओळ आहे का ते बघा. तो ज्या पद्धतीने कॉम्प्रेस झालाय ती उघडायचा ऑप्शनही कर्नलमध्ये हवा, झेडएसटीडी असेल तर झेडएसटीडीचा, नाहीतर बूटच्या मेसेजमध्ये 'कॉम्प्रेशन मेथड नॉट कॉन्फिगर्ड' अशी ओळ येते आणि मग तोच पॅनिक. एक खूण सांगतो: इनिटरॅमएफएस चालू झाला आणि फक्त डिस्कचा ड्रायव्हर नसला तर बऱ्याच डिस्ट्रोत पॅनिक न येता छोटा शेल मिळतो. तुम्हाला थेट (०,०) वर पॅनिक येतोय, म्हणजे इनिटरॅमएफएस बहुतेक लोडच झालेला नाही.

सगळं वाय का नको म्हणालो तर इमेज प्रचंड होते आणि बिल्डला वेळ लागतो हे झालंच, पण त्यात टेस्टिंगचे ड्रायव्हरही येतात. स्कझी डीबग बिल्ट-इन केला की तो ८ एमबीची खोटी डिस्क उभी करतो, नल ब्लॉक केला तर २५० जीबीचं नसलेलं डिव्हाइस दिसायला लागतं. एसडीए, एसडीबीची नावं मागेपुढे व्हायला एवढं पुरे, आणि उद्या चुकून दुसऱ्याच डिस्कवर कमांड चालली तर?

त्यापेक्षा असं करा. /बूटमधली डिस्ट्रोची कॉन्फिग फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फिग नावाने कॉपी करा, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा, आधी एकदा तसाच बिल्ड करून बूट होतोय याची खात्री करा. मग बारीक करायला 'मेक लोकलमॉडकॉन्फिग', तो आत्ता लोड असलेलीच मॉड्यूल्स ठेवतो आणि बाकीची काढतो. म्हणून तो चालवायच्या आधी पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क, जे जे कधीतरी लावता ते सगळं लावून ठेवा, नाहीतर महिन्याभराने कार्ड घातलं की काहीच होणार नाही आणि कारण लक्षात येणार नाही. त्यानंतर मेन्युकॉन्फिगमध्ये जाऊन रूटच्या साखळीतले एम तेवढे वाय करा. सेव्ह केल्यावर डॉट-कॉन्फिगवर ग्रेप मारून एनव्हीएमई, व्हीएमडी, ईएफआय पार्टिशन आणि एक्स्टी४ यांच्यापुढे खरंच वाय आहे का ते डोळ्यांनी बघा, मेनूत निवडलं म्हणजे फाइलमध्ये तसंच उतरलं असं दर वेळी होत नाही. जुन्या कर्नलची ग्रब एन्ट्री अजिबात काढू नका.

तुम्ही आधी तो सिसएफएसचा पाथ बघा, १०००० दिसला तर व्हीएमडी वाय करा, नाही दिसला तर ग्रबमधली 'इनिटआरडी' ची ओळ तपासा. आणि तरीही पॅनिक आलाच तर स्क्रीनचा फोटो काढताना शेवटच्या ओळीच्या वरची पार्टिशन्सची यादी त्यात येईल असा काढा, ती असली की पुढचं सांगता येईल.